किराणा दुकानांतील वाइन आणि द्राक्षांचा बागाईतदार

ता. २७ जानेवारी २०२२ रोजीं महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानें मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकण्यास परवानगी देण्याचा ठराव केला. त्यावरून जें रण माजलें तें आमच्या वाचकांच्या स्मरणांत असेलच. एका पक्षानें सांगितलें कीं, ही सवलत द्राक्षें व इतर फळें पिकविणाऱ्या शेतकऱ्याच्या हिताकरितां आहे. दुसऱ्या पक्षानें सांगितलें कीं, यामुळें महाराष्ट्र व्यसनाच्या खाईंत लोटला जाईल. श्री. अण्णा हजारे यांनीं ता. १४ फेब्रुवारीपासून उपोषणास बसण्याचा इशारा दिला, व लोकांच्या हरकती मागवूनच पुढें पाऊल टाकूं असें आश्वासन सरकारकडून मिळाल्यावर तो बेत तहकूब केला. त्याच वर्षीं जून महिन्याच्या अखेरीस सरकार बदललें आणि ठराव कागदावरच राहिला.

ठराव राहिला, परंतु त्यामागची समजूत राहिलेली नाहीं असें म्हणतां येत नाहीं. द्राक्षाचा भाव पडला कीं बागाईतदारांच्या बैठकींत कोणीतरी उठून म्हणतो कीं, दुकानांत वाइन विकूं दिली असती तर ही वेळ आली नसती. शेतकऱ्याचें नांव पुढें करून जें मागितलें जातें, त्यांतील किती शेतकऱ्याच्या पदरांत पडतें, हें पाहाणें आमच्यासारख्या मासिकाचें कामच आहे. म्हणून या विषयाचा आम्हीं येथें थोडा हिशेब मांडीत आहों.

प्रथम ठरावांत नेमकें काय होतें तें सांगितलें पाहिजे. ‘किराणा दुकान’ म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें गांवच्या पेठेंतील वाण्याचें दुकान येतें. गुळाची ढेप, तेलाचा डबा आणि वहींत मांडलेली उधारी. ठराव त्या दुकानासाठीं नव्हताच. ज्या दुकानाचें क्षेत्र १०० चौरस मीटर, म्हणजे अदमासें हजार चौरस फूट किंवा त्याहून अधिक आहे, जें दुकानें व आस्थापना यांसंबंधींच्या २०१७ च्या कायद्याखालीं नोंदलेलें आहे, आणि जेथें गिऱ्हाईक स्वतः आंत फिरून माल उचलतें, अशा दुकानांत सव्वादोन घनमीटर मापाचें, कुलूप लागणारें एक निराळें कपाट वाइनकरितां ठेवूं द्यावें, एवढाच तो प्रकार होता. परवान्याची वार्षिक फी ५,००० रुपये ठेविली होती. शाळा व देवालयें यांच्या नजीकच्या दुकानांस परवाना मिळावयाचा नव्हता, आणि ज्या जिल्ह्यांत दारूबंदी आहे तेथें तर हा ठराव मुळींच लागू नव्हता. वर्धा व गडचिरोली हे असे दोन जिल्हे होत; चंद्रपुरांत २०१५ सालीं झालेली बंदी २०२१ सालीं उठविण्यांत आली होती. सारांश, ही सवलत शहरांतील व मोठ्या तालुक्याच्या गांवांतील ऐसपैस दुकानांची होती. गांवोगांव वाण्याकडे बाटली मिळणार अशी जी हांकाटी झाली ती खरी नव्हती.

तसेंच दुसऱ्या बाजूनें ‘वाइन ही दारूच नव्हे’ असें जें विधान त्या काळीं जबाबदार माणसांच्या तोंडून ऐकूं आलें, तेंही खरें नव्हतें. आपल्याकडे जो कायदा चालतो तो १९४९ चा मुंबई दारूबंदी अधिनियम. त्याचें नांव आतां महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम असें आहे. त्यांतील ‘मद्य’ या शब्दाच्या व्याख्येंत स्पिरिट, बिअर व ताडी यांच्याबरोबर वाइनचें नांव स्पष्ट घातलेलें आहे. कायदा बाजूस ठेवला तरी गणित हें गणितच असतें. साधारण वाइनमध्यें मद्यार्क शेंकडा १२ ते १३ असतो. ७५० मिलिलिटरच्या एका बाटलींत शेंकडा साडेबारा या मानानें सुमारें ९४ मिलिलिटर शुद्ध मद्यार्क आला. व्हिस्कीची १८० मिलिलिटरची बाटली, जिला सर्वत्र ‘क्वार्टर’ म्हणतात, तिच्यांत शेंकडा ४२.८ या मानानें तो ७७ मिलिलिटर असतो. म्हणजे वाइनची भरलेली बाटली एकट्यानें रिकामी केली तर ती क्वार्टरला मागें टाकते. वाइन सौम्य आहे ती प्याल्याच्या मापानें. बाटलीच्या मापानें नव्हे.

आतां शेतकऱ्याच्या हिताकडे वळूं. महाराष्ट्रांत द्राक्षाखालीं एक लाख हेक्टरांच्या वर क्षेत्र आहे, म्हणजे अडीच लाख एकर तरी धरावयास हरकत नाहीं. त्यांतील बहुतेक सर्व बागा खाण्याच्या द्राक्षांच्या आहेत : थॉमसन सीडलेस, तास-ए-गणेश, सोनाका, माणिक चमन, शरद सीडलेस व त्यांचेच भाऊबंद. हा माल ताजा विकला जातो, परदेशीं जातो किंवा त्याचा बेदाणा होतो. वाइनकरितां लागणारीं द्राक्षें निराळीं. शेनिन ब्लां, सॉव्हिन्यां ब्लां, कॅबर्ने सॉव्हिन्यां, शिराझ या जातींचा मणी लहान, साल जाड, आंत बी, आणि रस थोडा पण दाट. टपोरा, लांबट, कुरकुरीत मणी यावा म्हणून आपण जी जी. ए. ची डिपिंग, घडांची विरळणी आणि गर्डलिंग करतों, तीं सर्व कामें येथें वर्ज्य आहेत. मणी जितका लहान तितकें सालीचें प्रमाण जास्त, आणि वाइनचा रंग व स्वाद सालींतूनच येतो. त्यामुळें मजुरी वांचते हें खरें. पण उत्पन्नही बेताचेंच घ्यावें लागतें. खाण्याच्या द्राक्षाचें एकरीं आठ-दहा टन काढणाऱ्या बागाईतदारास वाइनच्या जातींचे तीन ते पांच टनांवर थांबावें लागतें. अधिक घेतले तर साखर भरत नाहीं व माल परत येतो.

यावर कोणी म्हणेल कीं, आंबविण्यास कोणतेंही द्राक्ष चालेल, मग उरलेलें थॉमसन वायनरीस घालूं. चालेल हें खरें आहे. साखर असलेला कोणताही रस आंबतो. परंतु खाण्याच्या द्राक्षाचा रस पाणचट, आम्ल कमी, वास बेताचा. त्याची वाइन स्वस्तांत स्वस्त होते आणि तिच्या मालकास तें द्राक्ष तितकेंच स्वस्त लागतें. पावसानें तडकलेला किंवा निर्यातींत नाकारलेला माल कांहीं तरी पैसे देऊन गेला, एवढेंच समाधान त्यांतून मिळेल. तो धंदा नव्हे.

आतां मूळ हिशेब. एक टन द्राक्षांपासून साधारणतः साडेसहाशे लिटर वाइन निघते. त्या कुलूपबंद कपाटांमुळें महाराष्ट्रांत वर्षास एक कोटी लिटर वाइन अधिक खपेल असें आपण उदार हातानें धरूं. एक कोटी लिटरांस सुमारें १५,४०० टन द्राक्षें लागतील. एकरीं चार टनांप्रमाणें त्यास सुमारें ३,८०० एकर जमीन पुरे. अडीच लाख एकरांपैकीं तीन हजार आठशें एकर! शेंकडा दीड. एवढा भार निघून गेल्यानें उरलेल्या साडेअठ्याण्णवांच्या भावांत फरक पडेल असें ज्यास वाटत असेल, त्यानें एखाद्या चांगल्या हंगामांत पिंपळगांवच्या किंवा तासगांवच्या बाजारास उभें राहून आवक पाहावी. दुकानांत वाइन विकूं दिली तर ‘द्राक्षाला’ भाव येईल हें म्हणणें या एका आंकड्यापुढें टिकत नाहीं.

मग ज्यांच्याकडे ते तीन-चार हजार एकर असतील त्यांना तरी लाभ होईल कीं नाहीं? येथें प्रश्न अधिक नाजूक होतो, व आमच्या मतें सर्व विषयाचें मर्म येथेंच आहे. ७५० मिलिलिटरच्या बाटलीस सुमारें सव्वा किलोच्या आंत द्राक्ष लागतें. वायनरीनें किलोस ५० रुपये दिले असें धरलें तर बाटलींतील द्राक्षाची किंमत ५८ रुपये झाली. दुकानांत ती बाटली ६०० रुपयांस विकली जात असेल तर बाकीचे पैसे बाटली, बूच, टाक्या, शीतगृह, व्याज, कर, वाहतूक, दुकानदार व जाहिरात यांच्यांत वांटले जातात. उद्यां विक्री वाढली तर वाढलेला नफा प्रथम यांपैकीं कोणाकडे जाईल? ज्याच्या हातीं थांबण्याची शक्ति आहे त्याच्याकडे. आणि या सांखळींत थांबण्याची शक्ति नसलेला एकच मनुष्य आहे.

तो कां थांबूं शकत नाहीं हें बागाईतदारांस सांगावयास नको, पण वाइनच्या द्राक्षांत ही अडचण दुप्पट आहे. युरोपांत वेल वर्षांतून एकदां छाटतात. हिंवाळ्यांत तो झोंपतो व वसंतांत उठतो. आपल्या हवेंत वेल झोंपतच नाहीं, म्हणून एप्रिलांत खरड छाटणी व सप्टेंबर-ऑक्टोबरांत गोडी छाटणी करून आपण फळ थंडींत भरवितों आणि जानेवारीपासून मार्चपर्यंत काढतों. नाशिकचें पठार सुमारें सहाशें मीटर उंचीवर असल्यानें रात्रीं गार असतात व आम्ल टिकतें. तेथें वायनऱ्या कां जमल्या याचें हें एक कारण. परंतु फेब्रुवारी सरतां सरतां ऊन चढूं लागलें कीं साखर रोज वाढते आणि आम्ल रोज उतरतें. २२-२४ ब्रिक्सला जो घड उत्तम, तोच आठवडाभर वेलीवर राहिला तर वाइनच्या कामाचा राहात नाहीं. काढणी पहाटे, गाडी सकाळीं, आणि चुरणें त्याच दिवशीं. अशा वेळीं वायनरीच्या दारांत उभ्या असलेल्या गाडीचा ब्रिक्स त्यांचा मनुष्य मोजतो, नाकारण्याचा अधिकार त्यांचा, आणि नाकारलेला माल बाजार समितींत कोणी घेत नाहीं. बी असलेलें, जाड सालीचें, बारीक मण्याचें द्राक्ष खाणार कोण? बेदाण्यासही तें चालत नाहीं. थॉमसनवाल्यास व्यापारी आवडला नाहीं तर दुसरा व्यापारी आहे, शेवटीं बेदाण्याचें शेड आहे. शिराझवाल्यास वायनरीचें दार बंद झालें कीं पुढें शेताचा बांध.

हा काल्पनिक धोका नव्हे. आपल्याकडे वाइनचा धंदा १९८० नंतरच्या दशकांत नारायणगांवास सुरू झाला. नाशिकास १९९७ च्या सुमारास नव्या जातींची लागवड झाली व २००० सालीं तेथील पहिली बाटली बाजारांत आली. २००१ सालीं राज्य सरकारनें द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचें धोरण जाहीर केलें, द्राक्षाच्या वाइनवरील उत्पादनशुल्क दहा वर्षें माफ केलें, विंचूर व पलूस येथें वाइन उद्यानें आंखलीं. पुढें २० टक्के मूल्यवर्धित करांतून १६ टक्के रक्कम वायनरीस परत देण्याची योजनाही आली. या सर्वांचा परिणाम असा झाला कीं, थोडक्या वर्षांत वायनऱ्या मूठभर होत्या त्या कित्येक डझन झाल्या, व बागाईतदारांनीं कर्जें काढून वाइनच्या जातींचीं कलमें लावलीं. कित्येकांनीं स्वतःच वायनऱ्या घातल्या. आपल्या मालाचा मालक आपणच, ही इच्छा कोणास नसते?

मग २००८ साल आलें. जगभर मंदी आली, ता. २६ नोव्हेंबरच्या मुंबईवरील हल्ल्यानंतर हॉटेलें ओस पडलीं, आणि तेव्हां वाइनचें मुख्य गिऱ्हाईक हॉटेल हेंच होतें. वायनऱ्यांच्या टाक्या मागच्या हंगामाच्या मालानें भरलेल्या राहिल्या. टाकी रिकामी नाहीं तर नवा रस ठेवावा कोठें? पुढच्या हंगामांत द्राक्ष घेण्यास नकार आले, घेतलेल्याचे पैसे थकले, आणि एका मोठ्या कंपनीचा तर सगळा डोलाराच कोसळला. करार होते, पण ज्याच्याशीं करार तोच बुडाला तर कागद घेऊन जावें कोणाकडे? पुढील दोन-तीन वर्षांत नाशिक भागांत वाइनच्या जातींचे वेल उपटून टाकणारे बागाईतदार पुष्कळ निघाले. कांहींनीं त्याच खुंटावर खाण्याच्या जातींचीं कलमें बांधून जागा तरी वांचविली. ज्या वेलास फळ येण्यास दोन-तीन वर्षें लागतात आणि जो पंधरा-वीस वर्षें चालावा म्हणून लावतात, तो पांचव्या-सहाव्या वर्षीं भर जोमांत उपटावा लागणें म्हणजे काय, हें ज्यानें मांडवाचे खांब पुरले आहेत तोच जाणेल.

लक्षांत घेण्याची गोष्ट अशी कीं, या काळांत शुल्काची माफी होती, उद्यानें होतीं, वायनरीला सवलती होत्या. सवलतींचा सर्व ओघ वायनरीच्या दारापर्यंत येऊन थांबत होता. तेथून शेतापर्यंत पाट काढण्याचें काम कोणीं केलें नव्हतें. २०२२ च्या ठरावांतही तें नव्हतें. उलट त्यांत आणखी एक मुक्काम पुढें, दुकानाच्या कपाटापर्यंत, सोय केलेली होती.

याच गोष्टीचा एक जुना दाखला इंग्लंडांत सांपडतो. १८६० सालीं अर्थमंत्री ग्लॅडस्टन यांनीं फ्रान्सशीं झालेल्या व्यापारी तहास अनुसरून वाइनवरील जकात एकदम उतरविली, आणि त्याच वर्षीं कायदा करून दुकानदारांस वाइनची बाटली विकण्याचा परवाना खुला केला. सौम्य वाइन घरोघर मिळूं लागली म्हणजे लोक कडक दारू सोडतील, अशी त्यांची अपेक्षा होती. वाइनचा खप वाढला खरा. परंतु कडक दारूचा खपही पुढचीं पंधरा वर्षें वाढतच गेला. फायदा कोणाचा झाला म्हणाल तर गांवोगांवच्या किराणा दुकानदारांस आपले अडते नेमणाऱ्या गिल्बीसारख्या पेढ्यांचा. आणि नुकसान? या पेढीनें १८५७ सालीं धंदा सुरू केला तो दक्षिण आफ्रिकेंतील केप वसाहतीच्या वाइनवर, कारण वसाहतीचा माल म्हणून तीवर निम्मीच जकात होती. १८६० नंतर ती सवलत गेली. पेढीनें फ्रेंच माल घेतला आणि आपला धंदा वाढविला. केपच्या द्राक्षवाल्यांची इंग्लंडांतील विक्री मात्र बसली. दुकानांचीं दारें वाइनला उघडलीं त्याच वर्षीं हा शेतकरी बुडाला. दुकानदारास बाटली कोणत्या शेतांतली याचें सोयरसुतक नसतें, व त्यास दोषही देतां येत नाहीं.

आपल्याकडे हें निव्वळ इतिहासांतलें उदाहरण राहिलेलें नाहीं. परदेशी वाइनवर हिंदुस्थानांत १५० टक्के आयात जकात होती, तिच्या आडोशास आपली वाइन वाढली. ता. २९ डिसेंबर २०२२ रोजीं ऑस्ट्रेलियाशीं झालेला व्यापारी करार अमलांत आला. त्यानें पांच डॉलरांहून महाग बाटलीवरची जकात लगेच १०० टक्क्यांवर व दहा वर्षांत ५० टक्क्यांवर, आणि पंधरा डॉलरांवरच्या बाटलीची प्रथम ७५ व शेवटीं २५ टक्क्यांवर यावयाची आहे. दुकानांतील सव्वादोन घनमीटर जागेंत उद्यां कोणाची बाटली पुढच्या फळीवर असेल, हें त्या वेळच्या जकातीवर व दुकानदारास मिळणाऱ्या कसरीवर ठरेल. नाशिकची लहान वायनरी, जिच्यामागें पांच-पन्नास शेतकरी आहेत, तिला परराज्यांत विकावयाचें तर प्रत्येक राज्याची निराळी फी, निराळी लेबलांची नोंद. आणि घरच्या दुकानांत मोठ्या कंपन्यांशीं व बोटीनें आलेल्या मालाशीं टक्कर.

संसारावर होणाऱ्या परिणामाविषयीं थोडें लिहिलें पाहिजे, कारण आमचे वाचक जसे बागाईतदार आहेत तसे घरचे कर्तेही आहेत. दारूनें जीं घरें बुडालेलीं आपण पाहातों तीं बहुधा देशी दारूनें व हातभट्टीनें बुडालेलीं असतात. सहाशें रुपयांची बाटली घेणारा तो नव्हे. तरी स्त्रियांनीं या ठरावास जो विरोध केला तो आम्हांस अडाणीपणाचा वाटत नाहीं. त्यांचें म्हणणें असें कीं, दारूचें दुकान निराळें असतें तोंवर तेथें जाण्यास मनुष्यास थोडी तरी लाज वाटते. साखर-चहाच्या यादींत बाटली आली कीं ती लाज संपते, आणि घरांतील वाढत्या वयाच्या मुलास ती नित्याच्या वस्तूंपैकीं एक वाटूं लागते. ह्यास आंकड्यांचें उत्तर नाहीं. शिवाय महाराष्ट्रांत गांवांतील किंवा वॉर्डांतील निम्म्याहून अधिक स्त्री-मतदारांनीं ‘आडव्या बाटली’स मत दिलें तर दारूचें दुकान बंद करतां येतें, व अनेक गांवांनीं तें करून दाखविलें आहे. किराण्याच्या दुकानांतील कपाटास हा हक्क पोंचला पाहिजे, असें आमचें स्पष्ट मत आहे. अमेरिकेंतील टेनेसी संस्थानांत ज्या गांवांनीं २०१४ पासून घेतलेल्या मतदानांत होकार दिला तेथेंच ता. १ जुलै २०१६ पासून किराणा दुकानांत वाइन विकूं लागले. जेथें विकावयाची तेथल्या लोकांस आधीं विचारावें, यांत धंद्याचें कांहीं बिघडत नाहीं.

मग बागाईतदारानें मागावें काय? आमच्या मतें त्याच्या पुढ्यांतच एक नमुना आहे. उंसास १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानें दर ठरवून दिला जातो. उंस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावयाचे, न दिल्यास थकलेल्या रकमेवर वर्षास १५ टक्के व्याज द्यावयाचें, अशी त्यांत तरतूद आहे. ती सर्वत्र पाळली जाते असें कोणताही उंसवाला म्हणणार नाहीं. परंतु न पाळणाऱ्यास जाब विचारतां येतो, आणि थकबाकीदार कारखान्याचा गाळप-परवाना अडवितां येतो. उंस आणि वाइनचें द्राक्ष यांची अडचण एकच : तोडल्यावर थांबत नाहीं आणि दुसरें गिऱ्हाईक नाहीं. असें असतां एकास कायद्याचा आधार आणि दुसऱ्यास नुसता करारनामा, हें कां? करशेतीचा, म्हणजे करारशेतीचा २०२० चा केंद्रीय कायदा २०२१ सालीं इतर दोन कायद्यांबरोबर रद्द झाला. तेव्हां राज्यानेंच हें काम अंगावर घेतलें पाहिजे. वायनरीस कराचा जो १६ टक्के परतावा मिळतो, त्याच्या अर्जास मागील हंगामाची बागाईतदारांची बाकी चुकती केल्याचा दाखला जोडण्याची अट घातली तरी पुष्कळ काम होईल. त्यास तिजोरींतून एक पैसाही लागत नाहीं. दुकानांत विक्रीची परवानगी पुन्हां विचारास आली तर बागाईतदारांच्या संघांनीं तिला विरोध करावा असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु आपलें नांव तिच्यासाठीं वापरूं देण्यापूर्वीं ही अट पदरांत पाडून घ्यावी.

तोंपर्यंत ज्यांस या जाती लावावयाच्याच आहेत त्यांनीं कलमें मागविण्याआधीं कागद करावा, नंतर नव्हे. त्यांत भाव ब्रिक्सच्या पायरीगणिक लिहिलेला असावा, व त्याखालीं एक किमान दर असावा. ब्रिक्स व आम्ल कोठें मोजावयाचें, हें नमूद असावें. आमच्या मतें तें शेतावर, तोडणीच्या आदल्या दिवशीं, दोघांच्या समक्ष मोजावें, म्हणजे भरलेली गाडी दारांतून परत येण्याचा प्रसंग येत नाहीं. कराराची मुदत वेलीच्या वयास शोभेल अशी, निदान आठ-दहा वर्षांची पाहिजे. तीन वर्षांचा करार म्हणजे पहिलें पूर्ण पीक हातीं येतांच करार संपला. मालाच्या किमतीचा एक हिस्सा तोडणीपूर्वीं बँकेंत ठेवून घ्यावा. मागच्या तीन वर्षांत त्या वायनरीनें किती शेतकऱ्यांचे पैसे किती दिवसांत दिले हें त्या शेतकऱ्यांच्या घरीं जाऊन विचारावें. वायनरीच्या कचेरींत विचारूं नये. आणि सगळी बाग एकाच वायनरीच्या भरंवशावर लावूं नये. निम्मी थॉमसन ठेवली तर वाइनचें वर्ष बुडालें तरी घर चालतें, व पुढें पालट करावयाचा झाला तर खुंट डॉगरिजचाच असल्यामुळें त्याच ओळींत पुन्हां कलम बांधतां येतें. त्यास वेल एक वर्ष मागें पडतो, पण खांब, तारा व ठिबकची नळी जागच्या जागीं राहाते.